जुन्या द्राक्षबागेची जमीन की नाल्याकाठची? ठोक्याने घेण्याआधी माती-पाण्यातले जड धातू तपासा

जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या आसपास जमीन ठोक्याने किंवा विकत घेणाऱ्यासमोर हल्ली दोन प्रकारचे तुकडे येतात. एक, मोडलेली द्राक्षबाग. अँगल उभे, तारा अजून ताणलेल्या, ड्रिपची मेन लाइन जागेवर, शेजारी शेततळं. दुसरा, शहराखालच्या नाल्याला लागून असलेला काळ्या कसदार मातीचा पट्टा. भाव कमी आणि पाण्याची बारमाही सोय. मे महिन्यात गावच्या विहिरी तळ दाखवतात, तेव्हाही तिथे मोटार चालते. दुष्काळ सोसलेल्या माणसाला त्या पाण्याचा मोह होणं साहजिक आहे, आणि जे लोक त्या पाण्यावर भाजी पिकवतात त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण दोन्ही जमिनींत धातूंचा प्रश्न आहे आणि तो एकसारखा नाही. सौदा करण्याआधी हा फरक कळायला हवा.

बागेच्या जमिनीत प्रश्न आहे तांब्याचा, आणि ते येतं बोर्डो मिश्रणातून. फ्रान्सच्या बोर्डो भागात 1885 च्या सुमारास द्राक्षावरच्या केवडा रोगावर उपाय म्हणून ते वापरात आलं. आज कडवंचीपासून तुळजापूरपर्यंत कुठल्याही बागेत गेलात तरी छाटणीनंतर आणि पावसाळ्यात बोर्डोची फवारणी चाललेली दिसते. 1 टक्क्याचं मिश्रण म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि सोबत कळीचा चुना. मिश्रण नीट जमलं का हे बघायला जुने बागायतदार विळ्याचं पातं त्यात बुडवून धरतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, आणखी चुना घाला. हेच तांबं पुढे पानावरून, काडीवरून, पावसाच्या पाण्याबरोबर खाली येतं. जुन्या बागेत अँगलच्या बुडाशी आणि बांधाच्या दगडांवर निळसर पांढरे डाग दिसतात, ते त्याचेच.

हिशोब सोपा आहे. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. एकरी 400 लिटरची 1 टक्का फवारणी घेतली तर 4 किलो मोरचूद, म्हणजे 1 किलो तांबं एकरात गेलं. एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन 8 ते 9 लाख किलो भरतं. म्हणजे अशी प्रत्येक फवारणी त्या थरातलं तांबं 1 पीपीएमच्या, म्हणजे किलो मातीमागे 1 मिलिग्रॅमच्या, थोडं वर वाढवते. वर्षाला पाच फवारण्या आणि पंधरा वर्षांची बाग धरली, आणि सगळं तांबं मातीत उतरलं असं मानलं, तर 80-90 पीपीएमची भर पडते. युरोपीय संघाने 2019 पासून तांब्यावर सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे. वर्षाची सरासरी काढली तर एकरी 1.6 किलो. आपल्या पाच फवारण्या त्याच्या तिप्पट होतात.

आकडा मोठा वाटतो, तरी मी बागेच्या जमिनीला घाबरून मागे सरणार नाही. आपली काळी माती चुनखडीची आहे, सामू (पीएच) 8 च्या आसपास. अशा मातीत तांबं घट्ट बसतं. ते वरच्या वीतभर थरात अडकून राहतं, खाली विहिरीत झिरपत नाही आणि फळातही फारसं चढत नाही. द्राक्षाच्या जुन्या वेलाची मुळं त्या थराखाली गेलेली असतात, त्यामुळे तो निभावून नेतो. मार बसतो तो नव्या रोपाला. डॉगरिज या द्राक्षाच्या खुंटाची कोवळी मुळं नेमकी त्याच थरात पसरतात, मग मुळांची टोकं आखडतात, पानं पिवळी पडतात, आणि शेतकरी लोह कमी पडलं म्हणून फेरस सोडत बसतो. गांडुळं कमी होतात, मुळांवरची उपकारक बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू मंदावतात. हे नुकसान खरं आहे, पण ते सावरता येतं. खोल नांगरटीने वरचा थर खालच्या मातीत मिसळतो. शेणखत-कंपोस्ट तांब्याला धरून ठेवतं. पहिली दोन-तीन वर्षं बागेऐवजी ज्वारी, तूर, सोयाबीन घेतली तर मातीलाही उसंत मिळते. एक मात्र बघा, जुनी छाटणीची काडी तिथेच कुजवली असेल तर त्या जागी तांबं जास्त साठलेलं असणार, आणि गॅल्वनाइज्ड तारांखालच्या पट्ट्यात जस्तही.

आता नाल्याची जमीन. इथे कोणता धातू आहे हे नुसत्या नजरेने कळत नाही, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. गाड्यांच्या सुट्या भागांवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात क्रोमियम, निकेल, जस्त असू शकतं. भंगार वितळवणाऱ्या भट्टीच्या धुळीत जस्त आणि शिसं असतं. ती धूळ पावसाबरोबर नाल्यात येते. बॅटऱ्या, रंग, शहराचं सांडपाणी यांचा वाटा वेगळाच. खाम, सुखना, कुंडलिका या नद्या शहरांतून वाहतात, आणि शहराखाली त्यांच्या पाण्यात काय मिसळलंय हे काठावर उभं राहून कोणी सांगू शकत नाही. दुपारी स्वच्छ दिसणारं पाणी मध्यरात्री वेगळ्या रंगाचं असू शकतं, म्हणून एका बाटलीच्या नमुन्यावर तर अजिबात विसंबू नका.

कॅडमियमचं उदाहरण घेऊ, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेप्रमाणे ओलिताच्या पाण्यात ते लिटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. भाजीच्या एका एकराला वर्षभरात 600 मिलिमीटर पाणी दिलं तर ते होतं साधारण 24 लाख लिटर. पाणी अगदी मर्यादेवर असलं तरी वर्षाला 24 ग्रॅम कॅडमियम शेतात येतं. बागेतल्या तांब्याच्या किलोंपुढे हे ग्रॅम किरकोळ वाटतील. पण तांबं पिकाला आणि आपल्या शरीराला थोडं लागतंच. कॅडमियमचा शरीराला कसलाच उपयोग नाही. ते मूत्रपिंडात साठतं आणि निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं जातात. अन्नाच्या मर्यादांमध्येही हा फरक दिसतो. युरोपात द्राक्षाच्या किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालवून घेतलं गेलं. पालेभाजीत कॅडमियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे किलोला 0.2 मिलिग्रॅम.

आणि नाल्याकाठी पिकतं काय? पालक, मेथी, कोथिंबीर, शेपू. महिन्या-दीड महिन्यात हातात पैसा देणारी पिकं, आणि धातू पानात ओढणारीही हीच. त्यात भर म्हणजे नाल्याचं पाणी खारवट असतं. पाण्यात क्लोराइड जास्त असलं की कॅडमियम मुळांना सहज मिळतं. मातीत जस्त कमी असलं तरी पीक कॅडमियम जास्त उचलतं, आणि मराठवाड्याच्या मातीत जस्ताची उणीव सर्रास आहे. ही सगळी कारणं एकाच शेतात एकत्र येऊ शकतात. पहाटे तोडलेली जुडी त्याच दिवशी शहरातल्या कुणाच्या तरी ताटात असते, आणि त्या घरात लहान मुलं असतात. शिशाने सर्वांत जास्त नुकसान होतं ते त्यांच्या मेंदूचं.

नाल्याच्या पाण्यावर द्राक्ष लावलं तर? मण्यात धातू कमी चढतात हे खरं. पण सोडियम आणि क्लोराइडने पानांच्या कडा करपतात, ड्रिपर तुंबतात, आणि चार-पाच वर्षांत जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट, होऊ लागते. बेदाणा करायचा असेल तर हेही ध्यानात घ्या की चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. मण्यात जे काही असेल ते तितकंच घट्ट होतं.

आणखी एक सूचना गाळाबद्दल. तलावाचा गाळ शेतात टाकायची आपल्याकडे चांगली चाल आहे आणि सरकारी योजनाही आहे. पण शहराखालच्या नाल्याचा गाळ त्याच हिशोबात धरू नका. धातू पाण्यापेक्षा गाळात कितीतरी जास्त बसतात. आधीच्या कुळाने असा गाळ टाकला होता का, हे शेजाऱ्याकडून काढून घ्या.

तपासणीतही लोक फसतात. मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी येतात. त्यात तांबं आणि जस्त आहे, कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल नाही. त्यामुळे बागेच्या जमिनीसाठी पत्रिका निम्मं काम करते, पण नाल्याच्या जमिनीची पत्रिका चांगली आली तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. जड धातूंची तपासणी वेगळी सांगून करावी लागते. परभणीचं कृषी विद्यापीठ किंवा जालन्याजवळच्या खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र इथे आधी चौकशी करा, कुठे होईल ते कळेल. अहवालात धातूचं एकूण प्रमाण आणि पिकाला मिळणारं प्रमाण असे दोन्ही आकडे मागा. आपली माती बेसाल्टची, तिच्यात तांबं, निकेल आणि क्रोमियम मुळातच जास्त असतं. एकूण आकडा बघून चांगली जमीन नाकारली जाऊ शकते. म्हणून त्याच शिवारातल्या, कधी बाग नसलेल्या आणि नाल्याचं पाणी न लागलेल्या एका तुकड्याचा नमुनाही सोबत द्या, म्हणजे तुलना करता येईल.

नमुना घेताना गंजकं फावडं किंवा पत्र्याची बादली नको, लाकडी किंवा प्लास्टिकची खुरपी घ्या. 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटर असे दोन थर वेगळे ठेवा. बागेत वेलाखालचा पट्टा आणि दोन ओळींमधली जागा एकत्र करू नका. पाण्याची बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, कारण धातू बाटलीला चिकटू नयेत म्हणून तिच्यात आम्ल घातलेलं असतं.

निवडायची वेळ आली तर मी बागेची जमीन घेईन, थोडा जास्त ठोका देऊनही. तिथलं नुकसान होऊन गेलेलं आहे. ते मोजता येतं, आणि उद्यापासून बोर्डो निम्म्यावर आणून थांबवताही येतं. नाल्याच्या जमिनीत तुम्ही कितीही सेंद्रिय खत घाला, वरून कोणी काय सोडायचं हे तुमच्या हातात नसतं, आणि साचलेला धातू कुजून जात नाही. मोहरीसारखी पिकं तो थोडा उचलतात, पण त्यात वर्षानुवर्षं जातात आणि ते पीक कुठे टाकायचं हा प्रश्न राहतोच.

नाल्याच्या जमिनीला मी एकाच अटीवर हो म्हणेन. पाण्याची सोय नाल्यापासून लांबची आणि वरच्या अंगाची हवी, कारण काठावरच्या विहिरीत नाल्याचंच पाणी पाझरतं. मातीचा अहवाल बरा आला तरी तिथे झेंडू, शेवंती किंवा बांबू घ्या. तुतीचा विचार नको, पाला थेट रेशीम अळीच्या पोटात जातो. जनावरांचा चाराही नको, दूध घरातच येतं. इसार देण्याआधी नाल्याचं पाणी एकदा मेमध्ये आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर तपासा, त्यासोबत नाल्याच्या तळाचा गाळही. मालक एवढं थांबायला तयार नसेल तर तो सौदा सोडून द्या.