ओल्फाचा २८ मिमी रोटरी कटर: छोट्या ॲब्स्ट्रॅक्ट क्विल्टसाठी ४५ सोडा, हा घ्या

क्विल्टिंग सुरू करणाऱ्या प्रत्येकीला सगळे ४५ मिमीचाच रोटरी कटर (चाकासारखं फिरणारं गोल पातं असलेला, मिमी म्हणजे त्या पात्याचा व्यास) सांगतात, आणि पलंगावरची गोधडी करायची असेल, सरळ पट्ट्याच पट्ट्या कापायच्या असतील तर ते बरोबरच आहे म्हणा, पण माझ्यासारखं १२ बाय १२ इंचाचं भिंतीवर लावायचं काहीतरी आडवंतिडवं रंगीत करत असाल तर २८ घ्या.

कारण वळण. दोन कापडं दोन्ही सुलट बाजू वर ठेवून कडेला थोडी एकमेकांवर चढवायची आणि त्या चढलेल्या भागातून पट्टी न लावता नुसत्या हाताने एक लाट कापायची, वरचा-खालचा उरलेला फालतू तुकडा काढून टाकला की दोन्ही कडा बरोब्बर जुळतात. मग सुलटावर सुलट ठेवून टाचण्या न लावता हळूहळू शिवत जायचं, शिवणीच्या बाहेर पाव इंच मार्जिन, आणि लगेच इस्त्री. ही लाट ४५ ने कापताना पातं वळणावर अडतं आणि कापड ओढलं जातं, २८ मस्त फिरतो, अगदी आखूड वळणातसुद्धा. आणि हो, जोडांमध्ये कापड किती जातं ते आधीच धरा. १० इंच रुंद कापडाचे ५ तुकडे केले तर ४ जोड, प्रत्येकी अर्धा इंच (दोन्ही बाजूंचं पाव-पाव मार्जिन), म्हणजे हातात ८ च इंच राहतात!

खणाचं कापड कापलं की दोरे फार सुटतात, तो दोष कटरचा नाही, मार्जिन जरा जास्त ठेवा. जुनी धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी असेल तर आधी कडक स्टार्च करा नाहीतर पात्यापुढे ती गोळा होते. मी आत पण जुनी साडीच घालते, दोन पदर, गोधडीत घालतात तशीच, छोट्या क्विल्टला विकतची बॅटिंग (आत घालायचा जाड थर) कशाला?

आता तक्रारी. एकावेळी दोन-तीन थरांच्या वर जाऊ नका, नाही जमत. शेवटी सगळे थर शिवून झाल्यावर कडा सरळ करायला मला ४५ च काढावा लागतो. साध्या हँडलवाल्यात पातं आपोआप आत जात नाही, आपणच झाकायचं, घरात लहान मूल असेल तर प्लीज लक्षात ठेवा. आणि पाती महाग आहेत.

म्हणून मी एकदा दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीची स्वस्त पाती लावून बघितली तर पहिल्याच कापाला दर साडेतीन इंचांवर एक दोरा तसाच राहायला लागला 😡 साडेतीन इंच म्हणजे २८ च्या पात्याचा एक पूर्ण फेरा, म्हणजे धारेला एका जागी खाच होती, अगदी कोरी पाती! तुमच्याकडे असे ठरावीक अंतरावर दोरे राहत असतील तर हात दाबून उपयोग नाही, पातं बदला. जुनं पातं कागद कापायला ठेवा.

४ स्टार. खाली कापायची मॅट मात्र हवीच, थेट टेबलावर चालवलात तर धार गेलीच समजा, आणि त्या मॅटवर इस्त्री ठेवू नका, उन्हात पण नको, वाकडी होते ती परत सरळ होत नाही.