ओरेगॉनवरून मागवलेले आयरिसचे गड्डे: माल एक नंबर, सोबतचा कागद अर्धवट

मे एंडला न्यू जर्सीतल्या माँटक्लेरचं प्रेस्बी गार्डन, म्हणजे आयरिसच्या फुलांची बाग, बघून आलेला माणूस घरी येऊन पहिलं काय करतो तर आयरिस कुठे मिळतील ते शोधतो. 1927 पासूनची बाग आहे ती, टेकडीच्या उतारावर नुसते रंगच रंग, डोकं फिरतं. आम्ही पण त्यातलेच. इथल्या मोठ्या दुकानांत प्लास्टिकच्या पाकिटात जे सुकलेले तुकडे मिळतात ते नकोच होते म्हणून ओरेगॉनच्या एका नर्सरीवरून ऑनलाइन मागवले.

माल खरंच छान आला. आल्याच्या गड्ड्यासारखे दिसतात पण हे चांगले जाडजूड, टणक होते, पानं वर पंख्यासारखी कापलेली आणि प्रत्येकावर व्हरायटीचं नाव मार्करने लिहिलेलं. डस्की चॅलेंजर घेतला (गडद जांभळा, 1992 चं डाइक्स मेडल, म्हणजे अमेरिकेतलं आयरिसचं सर्वोच्च बक्षीस, यालाच मिळालं होतं), गुलाबी बेव्हर्ली सिल्स घेतला आणि पांढरा इमॉर्टॅलिटी, जो जमलं तर फॉलमध्ये परत फुलतो. आमच्याकडे फुललाय. आईने व्हिडिओ कॉलवर पानं बघून विचारलं, वेखंड लावलंस का गं? दिसतात खरी तशीच.

किंमत थोडी जास्त वाटते, त्यात शिपिंग वेगळं, आणि अगदी नवीन व्हरायट्यांच्या किमती तर बघूच नका, जुन्या मेडलवाल्या घ्या, स्वस्त पडतात आणि दणकट पण असतात.

आता तक्रार. सोबत जो छापील कागद येतो त्यात लिहिलंय, गड्डा वरच ठेवा, पाठीवर ऊन लागलं पाहिजे, निदान सहा तास ऊन, दोन गड्ड्यांत फूट-दीड फूट अंतर, नायट्रोजनवालं खत नको. सगळं बरोबर, खोल पुरला की नुसती पानं येतात नाहीतर कुजतो. पण सेंट्रल जर्सीची लाल चिकट माती असेल तर एवढ्यावर भागत नाही, चार-सहा इंच उंच वाफा करून त्यात कंपोस्ट घालावं लागतं म्हणजे पाणी साचत नाही. आणि मल्च (मातीवर पसरतात तो पालापाचोळा, लाकडाचा चुरा) गड्ड्यावर अजिबात नको, बाकी सगळ्या झाडांना घालायची सवय असते म्हणून मुद्दाम सांगतेय.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आयरिस बोरर, त्याबद्दल कागदावर अक्षर नाही. ही अळी अमेरिकेच्या आपल्या पूर्वेकडची, त्यांना तिकडे ओरेगॉनला हा त्रासच नाही मग लिहितील कशाला, पण माल तर देशभर विकताय ना? पतंग फॉलमध्ये वाळक्या पानांवर अंडी घालतो, स्प्रिंगमध्ये बारीक अळी पानात शिरते आणि आतून खात खात गड्ड्यापर्यंत जाते, मग मागून कुज येते आणि असा घाण वास सुटतो की विचारू नका. उपाय सोपा आहे, थंडी पडली की जुनी पानं सगळी काढून कचऱ्यात टाकायची (कंपोस्टमध्ये नाही!), आणि एप्रिल-मेमध्ये पानाला कडेने कुरतडल्यासारखं किंवा ओली रेघ दिसली की आतली अळी तिथेच बोटांनी चिरडायची. गड्डा मऊ लागला तर चमच्याने कुजका भाग खरवडून उन्हात वाळवायचा, पुष्कळदा वाचतो.

कस्टमर सर्व्हिस चांगली आहे, एक गड्डा भलत्याच रंगाचा फुलला तर फोटो पाठवल्यावर पुढच्या सीझनला दुसरा फुकट पाठवला. हरणं शक्यतो तोंड लावत नाहीत, आमच्या भागात हा फार मोठा प्लस पॉइंट. पहिल्या वर्षी सगळे फुलत नाहीत म्हणून लगेच वन स्टार देऊ नका, दुसऱ्या मेमध्ये बघा.

माझ्याकडून पाचपैकी चार. ऑर्डर जूनमध्येच टाका, चांगल्या व्हरायट्या लवकर संपतात, आणि डिलिव्हरीची तारीख ऑगस्टची निवडा, सप्टेंबर एंडची घेतली तर थंडीच्या आधी मुळं धरायला वेळच उरत नाही.