झॉड: खारघरचा पिनकोड आणि कऱ्हाडेंचं आडनाव

डबा पुरवणारे असोत, क्लासवाले असोत की पॅथॉलॉजी लॅब, ठाणे-नवी मुंबईत साइटवरचा फॉर्म एकाच छापाचा: नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड. टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टचं टाइप तपासणारं रूप) तो तपासायला झॉडइतकी सुटसुटीत लायब्ररी क्वचितच मिळेल. एकच स्कीमा, म्हणजे कुठल्या फील्डला कोणते नियम याचा आराखडा, ब्राउझरमध्ये आणि सर्व्हरवर चालतो. सर्व्हरवर तो हवाच, कारण ब्राउझरला वगळून कोणीही थेट रिक्वेस्ट पाठवू शकतं. ‘सेफपार्स’ हे तपासणीचं फंक्शन एरर न फेकता सगळ्या चुका एकदम हातात देतं, मेसेजही मराठीत लिहिता येतात. स्कीमात नसलेली फील्ड आपोआप गळतात, त्यामुळे कोणी घुसवलेलं ‘अ‍ॅडमिन’ डेटाबेसपर्यंत पोचत नाही.

‘कोअर्स’, म्हणजे आलेला मजकूर आपोआप आकड्यात किंवा बूलियनमध्ये (खरं-खोटं) बदलणं, मात्र जपून वापरा. रिकाम्या चौकटीचा आकडा शून्य होतो. डब्यांच्या संख्येला ‘किमान १’ ही अट नसेल तर शून्य डब्यांची ऑर्डर बिनबोभाट पास. ‘फॉल्स’ हा मजकूर बूलियनमध्ये चक्क ‘ट्रू’ ठरतो.

खरी परीक्षा नियम लिहिताना. पिनकोड ‘४०० ने सुरू’ असा बांधलात तर वाशी बसते, पण खारघर (४१०२१०) आणि पनवेल (४१०२०६) बाहेर! सहा अंक, पहिला शून्य नको, एवढंच पुरे. मराठी कीबोर्डवरचे आकडे जावास्क्रिप्टच्या अंक-नियमात बसत नाहीत. ‘ट्रान्सफॉर्म’ने ते आधी इंग्रजी आकड्यांत बदला, मग ‘पाइप’ने पुढच्या नियमाकडे देऊन तपासा. मोबाइलमधल्या मोकळ्या जागा आणि पुढचा +९१ तिथेच काढा.

नावासाठी युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची प्रमाण यादी) फक्त ‘लेटर’ वर्ग घेतलात तर ‘श्रीधर’ नापास होतो, कारण हलन्त आणि वेलांटी ‘मार्क’ वर्गात येतात. दोन्ही वर्ग घ्या, शिवाय मोकळी जागा, टिंब आणि डि’सोझांसाठी अपॉस्ट्रॉफी. कऱ्हाडेंचं आडनाव तर दोन तऱ्हांनी टाइप होतं: काही कीबोर्ड ‘ऱ’ वापरतात, काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर घालतात. तो सरसकट पुसला तर अक्षर ‘र्हा’ असं बिघडतं. सेव्ह करण्याआधी दुसरं रूप पहिल्यात बदलून घ्या, नाहीतर शोधात अर्धे कऱ्हाडे सापडणारच नाहीत.

सॅनिटायझेशन, म्हणजे मजकुरातला घातक कोड निष्प्रभ करणं, झॉडचं कामच नाही. डेटाबेससाठी पॅरामीटराइज्ड क्वेरी (आज्ञा आणि माहिती वेगळी पाठवणारी), पानावर दाखवताना एस्केपिंग (खास चिन्हं साध्या मजकुरासारखी दाखवणं), आणि एचटीएमएल स्वीकारायचंच असेल तर ते साफ करणारी डोमप्युरिफाय लायब्ररी वेगळी बसवा.