कंपाउंड की कुव्हर्चर? घरून चॉकलेटच्या ऑर्डरी घेणाऱ्यांसाठी

कंपाउंड आणि कुव्हर्चर, चॉकलेटच्या या दोन्ही स्लॅब दिसायला सारख्याच. फरक फॅटचा. कोकोच्या बीत निम्म्याच्या आसपास कोको बटर असतं आणि डार्क कुव्हर्चरमध्ये तेच उतरतं. कंपाउंडमध्ये कोको पावडर असते, पण बटरच्या जागी बहुधा हायड्रोजनेटेड पाम कर्नेल तेल. त्यामुळे वेष्टनावरच्या नावावर जाऊ नका, मागची घटकांची यादी वाचा.

कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं, म्हणून ते जिभेवर विरघळतं. आणि म्हणूनच मे महिन्यात भर दुपारी घोडबंदरहून नेरूळला बाइकवरून पाठवलेला बॉक्स पोचेपर्यंत लिबलिबीत होतो. कंपाउंड थोडं जास्त तग धरतं, पण तोंडात मेणचट थर मागे ठेवतं.

खरी मेहनत टेंपरिंगची, म्हणजे चॉकलेट वितळवून ठरावीक तापमानापर्यंत उतरवण्याची, म्हणजे ते चकचकीत घट्ट होतं. कंपाउंडला ते लागत नाही: डबल बॉयलरवर वितळवा, साच्यात ओता, फ्रीजमध्ये घट्ट करा, झालं. डार्क कुव्हर्चर 1 किलो असेल तर 750 ग्रॅम 45 ते 48 अंशांवर वितळवा, उरलेले 250 ग्रॅम बारीक चिरून थोडे थोडे घाला आणि 31-32 अंशांपर्यंत ढवळत राहा. मिल्क कुव्हर्चरला 29-30. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा; 20-22 अंशांच्या खोलीत पाचेक मिनिटांत चकचकीत सुकलं तर जमलं. पांढरट रेघा आल्या तर पुन्हा पहिल्यापासून. डिजिटल थर्मामीटर नसेल आणि खोलीत एसी नसेल, तर कुव्हर्चरच्या बारच्या भानगडीत पडूच नका.

पैसे वाचवायला दोन्ही एकत्र वितळवण्याचा मोह होतो. ही दोन फॅट एकमेकांशी जुळत नाहीत. चॉकलेट मऊ राहतं आणि काही दिवसांत त्यावर पांढरी बुरशीसारखी झाक येते. पाण्याचं मात्र दोघांनाही वावडं: वाफेचे चार थेंब पडले की गोळा. राखीच्या ऑर्डरी ऐन पावसाळ्यात येतात, तेव्हा फ्रीजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका. दमट हवेचं पाणी चॉकलेटवर बसतं, साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत डाग उरतात.

मुलांच्या वाढदिवसाच्या लॉलीपॉपला, सुक्या मेव्याच्या गठ्ठ्यांना कंपाउंडच परवडतं. 2024 मध्ये कोकोचे भाव भडकले तेव्हा तर जास्तच. कुव्हर्चरवर हात बसवायचा असेल तर सुरुवात ट्रफलने करा, कारण त्याच्या गनाशला, म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या मिश्रणाला, टेंपरिंग लागत नाही: 200 ग्रॅम डार्क कुव्हर्चरला 100 ग्रॅम गरम क्रीम, वरून कोको पावडर. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवायला सांगा.