भरल्या गाडीनं कुंभार्ली ते आंबा : सेकंडहँड सात आसनी गाडीचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्याला साताऱ्यातच एका ओळखीच्या माणसाकडून सात आसनी पेट्रोल गाडी घेतली. १५०० सीसी, साध्या गिअरची, सहा वर्षं वापरलेली. आठ महिन्यांत ९,४०० किलोमीटर झाले. मी लिहितोय ते अशा कुठल्याही सात आसनी गाडीला लागू पडेल, म्हणून कंपनीच्या नावात शिरत नाही.

पहिले तीन महिने मी सगळ्यांना सांगत होतो की गाडी झकास आहे. सातारा-पुणे हायवेला दोघं-तिघं बसून सतराचं अ‍ॅव्हरेज, एसी गारेगार, स्टिअरिंग लोण्यासारखं. पण तेव्हा ती गाडी मी खऱ्या अर्थानं बघितलीच नव्हती. सात आसनी गाडी सात माणसं बसवून बघायची असते, आणि तीही घाटात. ते जानेवारीच्या शेवटी कोकणात गेलो तेव्हा कळलं.

आम्ही सात जण : आई, अण्णा, आत्या, आम्ही दोघं आणि दोन पोरं. उंब्रजला हायवे सोडला, मल्हारपेठेवरून पाटण, पुढं कोयनानगर. अण्णांचं मूळ गाव जावळीतलं, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. गाव सुटलं तेव्हा ते शाळेत जाणारं पोर होते. हेळवाकला चहाला थांबलो तर म्हणाले, "आपलं पाणी डोंगराच्या पोटातनं पोफळीला उतरतं आणि वाशिष्ठीतनं समुद्राला मिळतं. आपण त्याच्या डोक्यावरनं चाललोय." कोयना खरी कराडला कृष्णेला मिळणारी, पूर्वेला वाहणारी नदी. वीज करायला तिचं पाणी बोगद्यानं पश्चिमेला वळवलंय. हे मला पाठ होतं, पण अण्णांच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदा पोटात हललं.

तिथून कुंभार्ली घाट उतरायचा. रिकामी गाडी मी तिसऱ्या गिअरमध्ये आणि जरा जरा ब्रेकवर आरामात उतरवतो, तशीच ही उतरवायला गेलो. सात माणसं, कॅरिअरवर बॅगा. घाट निम्मा उतरल्यावर पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं आणि आत जळका वास आला. कशीबशी पोफळीपर्यंत आणली आणि सावलीला लावली. पुढच्या चाकाशी हात नेला तर चार बोटं लांबूनच झळ लागत होती. आत्यानं पाण्याची बाटली पुढं केली, अण्णांनी तिचा हात धरला. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते. पाऊण तास थांबलो. चिपळूणला मेकॅनिकनं चाक खोलून ब्रेकचं पॅड हातात दिलं, जेमतेम नखाएवढं उरलेलं. निघायच्या आठवडाभर आधी एका गॅरेजात दाखवलं होतं, तिथं "अजून दहा हजार आरामात जातील" म्हणाले होते. माझी कळकळीची विनंती आहे, घाटात कुटुंब घेऊन जाणार असाल तर चाक उतरवून पॅड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि ज्या गिअरनं घाट चढतो त्याच गिअरनं उतरायचं, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते सोन्यासारखं आहे. त्यानंतरचे सगळे उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, ब्रेक पुन्हा कधी तापले नाहीत.

तिसऱ्या रांगेचं सांगतो. विकणारा म्हणतो, मोठी माणसंही बसतात. बसतात, अर्धा तास. गुडघे छातीशी येतात आणि मागच्या चाकावरचा प्रत्येक खड्डा पाठीत उमटतो. शिवाय त्या रांगेच्या काचा उघडत नाहीत. धाकटा घाटात तिथंच ओकला, वाऱ्याला तोंडच नाही तर करणार काय! पोफळीपासून मांडणी बदलली : आई पुढं, अण्णा, आत्या आणि धाकटा मधे, मी चालवायला, बायको आणि थोरली मागं. निघायच्या आधी पोटभर पोहे नकोत, आलेपाकाची वडी दाढेत आणि नजर लांब रस्त्यावर. परतीला ओकारी नाही.

तिसरी रांग उघडली की डिकीत दोन बॅगा आणि चपलांची पिशवी, एवढंच. म्हणून छतावर कॅरिअर बसवलं. ऐंशीच्या पुढं ते घोंगावतं आणि अ‍ॅव्हरेज खातं. किनारा आणि घाट धरून भरल्या गाडीचं साडेअकरा पडलं. टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरल्या गाडीसाठी जी लिहिलेली असते तीच भरा. मी विसरलो होतो, गुहागरला भरली आणि वळणावरचं डुलणं निम्मं झालं.

किनाऱ्यावर मात्र गाडीनं जीव खूष केला. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी हा रस्ता अरुंद आणि चढ-उताराचा आहे. समोरून एसटी आली की काठाला घ्यावं लागतं, आणि उंच सीटमुळं चिऱ्याचा गडगा नीट दिसतो. तवसाळला फेरीबोट. रॅम्पवर चढताना भरली गाडी मागून टेकेल असं वाटलं म्हणून सगळ्यांना उतरवलं. खाडीच्या वाऱ्यात कठड्याला टेकून आत्या उभी होती, पदर तोंडाशी घट्ट धरून. जयगड येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, उतरल्यावर म्हणाली, "आणखी एकदा जाऊन येऊ का?" गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीला गेलो. वरच्या वळणावर समुद्र एकदम पायाखाली येतो, तिथं थांबलो नाही असं झालं नाही.

वाळूत गाडी घातली नाही, तुम्हीही घालू नका. एवढं वजन रुतलं तर भरतीच्या आधी निघेलच असं नाही.

परतीला साखरप्याहून आंबा घाट. इथं पेट्रोल इंजिनाची खरी मर्यादा कळली. इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो नाही, त्यामुळं इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर ओढ नाही. दुसऱ्या गिअरमध्ये आवाज वाढू द्यायचा, एसी बंद, काचा खाली. तिसरा टाकायचा मोह झाला की गाडी धापा टाकते. तापमानाचा काटा हलला नाही, हे इंजिनाचं मोठं कौतुक. कोल्हापूरहून हायवेला लागलो आणि रात्री साडेनवाला घरी.

एक चूक नंतर कळली. खाऱ्या हवेतून आल्यावर गाडी खालून धुवायची असते, मी वरूनच धुतली. मार्चमध्ये सायलेन्सरचे नट आणि कॅरिअरचे पाय तांबडे पडलेले दिसले. आता कोकणातून आलो की दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्यानं तळ धुऊन घेतो.

पाच माणसांचं घर असेल तर ही गाडी घेऊ नका, उगाच वजन ओढाल. आमच्यासारखं सात जणांचं, म्हातारी माणसं बरोबर नेणारं घर असेल तर जरूर बघा, पण सौदा पक्का करायच्या आधी घरच्यांना बसवून यवतेश्वरचा घाट चढवून-उतरवून आणा. मागच्या ब्रेकला आता आवाज यायला लागलाय, पावसाआधी तो खोलायचाय. अण्णांना पुढच्या खेपेला जावळीत, धरणाच्या पाण्याकाठच्या बामणोलीला न्यायचंय, पाणी खाली गेलेलं असेल तेव्हा.