खोसा आधी शिकावी की झुलू?

दक्षिण आफ्रिकेत राहायला जाणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. दोन्ही भाषा न्गुनी गटातल्या, सख्ख्या बहिणीच. एक येणाऱ्याला दुसरी बरीचशी कळते.

व्याकरणाचा सांगाडा जवळजवळ सारखा. मराठीत 'मुलगा खेळतो, मुलं खेळतात' यात शब्दाचा शेवट बदलतो. इथे सुरुवात बदलते. 'उम्न्त्वाना उयाड्लाला' म्हणजे मूल खेळतंय, 'अबान्त्वाना बयाड्लाला' म्हणजे मुलं खेळताहेत. कर्त्याचा उपसर्ग बदलला की क्रियापदाचाही बदलतो. हे एकदा अंगवळणी पडलं की निम्मी लढाई जिंकली. नामांचे वर्ग, म्हणजे उपसर्गांनुसार पडणारे गट, पाठ करत बसण्यापेक्षा अशा जोड्या मोठ्याने म्हणा.

फरक रोजच्या बोलण्यात आहे. खोसात एकाला 'मोलो', अनेकांना 'मोल्वेनी'. झुलूत 'सावुबोना' आणि 'सानिबोनानी'. आभार मानायला खोसात 'एन्कोसी', झुलूत 'न्गियाबोंगा'. 'मी बोलतो' हे खोसात 'न्दिथेथा', झुलूत 'न्गिखुलुमा'. पाणी मात्र दोन्हीकडे 'अमान्झी'.

टिचकीचे ध्वनी दोन्हींत आहेत, पण खोसात ते जास्त कानावर पडतात. हळहळताना आपण जीभ दातांना लावून 'च्च' करतो ना, रोमन 'सी' अक्षराचा उच्चार तोच! 'एक्स'साठी जिभेची कड दाढांपासून सोडवायची. 'उक्सोलो' (uxolo), म्हणजे माफ करा, यात 'क्स'च्या जागी तो येतो.

डर्बनला जाणार असाल तर झुलूच घ्या. तिचे भाषकही देशात सर्वाधिक. केप टाउन किंवा ईस्टर्न केपला जाणार असाल, तर टिचक्यांना न घाबरता थेट खोसा सुरू करा.