पणजीतला पीएमपी क्लास: परीक्षेसाठी चांगला, पण "चार वीकएंडमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर" ही जाहिरात खोटी

पणजीतल्या एका इन्स्टिट्यूटचा पीएमपीचा, म्हणजे पीएमआय ह्या अमेरिकन संस्थेच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट सर्टिफिकेटचा, शनिवार-रविवार क्लास मी केला, परीक्षाही झाली, पास झालो. ऑफिसमधले आणि मडगावचे दोन-तीन मित्र सारखे विचारतात की जॉईन करू का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी वेर्ण्याला एका फार्मा कंपनीत प्रोजेक्ट डिपार्टमेंटला आहे, नवीन पॅकिंग लाईन बसवणं, शेड वाढवणं, एचव्हीएसी म्हणजे एसी-व्हेंटिलेशन, इलेक्ट्रिकल पॅनल, पाईपिंग, असली कामं. म्हणजे हे वाचताना माझं आयटीवाल्यांसारखं नाही हे लक्षात ठेवा.

आधी चांगलं सांगतो. परीक्षेची तयारी एकदम व्यवस्थित करून घेतात. आमच्या वेळी पॅटर्न होता 180 प्रश्न, 230 मिनिटं, मध्ये दहा-दहा मिनिटांचे दोन ब्रेक. 42 टक्के प्रश्न माणसं सांभाळण्यावर, 50 टक्के प्रोसेसवर आणि उरलेले 8 टक्के बिझनेसवर, आणि साधारण अर्धे प्रश्न अ‍ॅजाइल (काम थोडं थोडं करत, बदल घेत जायची आयटीतली पद्धत) किंवा हायब्रिड (दोन्ही पद्धती मिसळून) ह्यांचे, जे आमच्यासारख्या प्लांटवाल्यांना सुरुवातीला अजिबात झेपत नाहीत. मॅडमनी मॉक टेस्टवर खूप वेळ दिला, आणि नुसतं बरोबर उत्तर सांगून पुढे नाही गेल्या, बाकीचे तीन पर्याय का चुकीचे ते आपल्याकडून बोलून घ्यायच्या. फीचे पैसे ह्या एका गोष्टीत वसूल झाले असं मी मनापासून म्हणेन.

दुसरं, अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची किंमत धरून वेळ आणि खर्च मोजायची पद्धत. हे मी आधी फक्त ऐकून होतो. सरांनी बोर्डवर साधं उदाहरण घेतलं, काम एकूण 40 लाखांचं, आजच्या तारखेपर्यंत 20 लाखांचं व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात झालंय 16 लाखांचं आणि खर्च झालाय 22 लाख. म्हणजे शेड्यूलचा इंडेक्स 16 भागिले 20, 0.8, कॉस्टचा 16 भागिले 22, साधारण 0.73 (एकाच्या खाली म्हणजे काम मागे किंवा महाग), आणि असंच चालू राहिलं तर 40 लाखांचं काम 55 लाखांवर जाणार. कॉन्ट्रॅक्टर मीटिंगमध्ये "ऐंशी टक्के झालंच सर" म्हणतो ना, त्याला हा हिशोब समोर ठेवला की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. सोमवारी ऑफिसला जाऊन मी आमच्या चालू कामाचा असाच तक्ता केला आणि साहेबांनी तो रिव्ह्यूत कायमचा लावला.

पण आता जे खटकलं ते. स्टडी मटेरियल अर्धं जुनं आहे. पीएमबोक, म्हणजे पीएमआयचं मुख्य मार्गदर्शक पुस्तक, त्याची सातवी आवृत्ती 2021 ला आली, त्यात सगळी मांडणी 12 तत्त्वांवर गेली, आणि हे लोक अजून सहाव्या आवृत्तीतल्या 49 प्रोसेस, त्यांचे इनपुट-आउटपुट पाठ करून घेतात. प्रोसेस माहीत असाव्यात, नाही म्हणत नाही, पण आमच्या बॅचमधली मुलं शेवटी चार्ट घोकत बसली होती आणि परीक्षेत तसा सरळ प्रश्न जवळजवळ येतच नाही, सगळे प्रसंग असतात.

आणि ह्या प्रसंगांबद्दलच मला मुख्य बोलायचंय. परीक्षेतला प्रश्न असा असतो: स्टेकहोल्डर (कामाशी संबंध असलेला कुणी) बदल मागतोय, तुम्ही सगळ्यात आधी काय कराल? उत्तर ठरलेलं, परिणाम तपासा, मग चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची रीतसर मागणी. बरोबरच आहे. आता प्लांटमध्ये बघा. प्रॉडक्शन हेडचा फोन येतो, पॅनल दोन फूट डावीकडे घ्या. परिणाम तपासायचा म्हणजे काय, तर केबल ट्रे कुठून जातो ते माहीत पाहिजे, वरच्या डक्टचा ड्रेन त्याच्यावर येतो का ते बघायला पाहिजे, दार उघडल्यावर पुढे माणूस उभा राहायला जागा उरते का, आणि मुळात हेडना डावीकडे का हवंय, तर फोर्कलिफ्ट वळत नाही म्हणून, मग कदाचित पॅनल हलवायचीच गरज नाही, पॅलेटची जागा बदलली तरी पुरतं. हे जागेवर जाऊन उभं राहिल्याशिवाय कळत नाही. चार पर्यायांमध्ये हे कुठेच नसतं, आणि परीक्षा हे तपासूही शकत नाही, त्यात पीएमआयचा दोष नाही. दोष आहे क्लासच्या जाहिरातीचा, जी म्हणते चार वीकएंडमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर बना.

ह्याच्याहून वाईट एक गोष्ट आहे. पीएमपीला बसायचं तर 35 तासांचं ट्रेनिंग लागतं आणि डिग्रीवाल्याला गेल्या काही वर्षांतला 36 महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव. नुसतं प्रोजेक्टमध्ये काम केल्याचा चालत नाही. आमच्या बॅचला जेमतेम वर्षभर नोकरी झालेली मुलं होती आणि काउन्सेलरने त्यांना सांगितलं, फॉर्म आम्ही भरून देतो, अनुभव "अ‍ॅडजस्ट" होतो. हे साफ चुकीचं आहे. पीएमआय काही अर्ज ऑडिटला काढते, मग तुमच्या जुन्या साहेबाची सही मागतात, आणि ऑडिट नाही आलं तरी खोटं ते खोटंच. अशा मुलांसाठी त्याच पीएमआयचं सीएपीएम हे सुरुवातीचं सर्टिफिकेट आहे, त्याला 23 तासांचं ट्रेनिंग पुरतं, अनुभव लागत नाही. मी हे काउन्सेलरला सगळ्यांसमोर विचारलं तर म्हणाला, सीएपीएमला मार्केट नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांकडून, त्यांच्या आईबाबांच्या पैशातून फी घेऊन तुम्ही त्यांना पहिल्याच पायरीवर खोटं लिहायला शिकवता, मला ह्याचा खरंच राग आला आणि अजून आहे.

ह्यात नुकसान कंपन्यांचंही आहे. आपल्याकडे इलेक्ट्रिकल कामाला सरकारी परवान्याचा सुपरवायजर लागतो, तसं प्रोजेक्ट मॅनेजरला काही बंधन नाही, मग एचआर हे सर्टिफिकेटच परवाना समजून चालतं. पुढे दर 3 वर्षांनी 60 पीडीयू, म्हणजे शिकण्याचे तास, दाखवून ते रिन्यू होतं, आणि त्यातले बरेचसे वेबिनार ऐकून भरतात. तुमची कामं वेळेत झाली का, असं कुणी विचारत नाही.

आता क्लासमधला सगळ्यात भारी भाग, जो त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलाच नाही. एका रविवारी बांधकामातले एक निवृत्त इंजिनिअर सर पाहुणे म्हणून आले. त्यांनी स्लाईड लावलीच नाही. कोरा कागद दिला आणि म्हणाले, जानेवारीत ऑर्डर मिळाली, शेड डिसेंबरला द्यायची आहे, गोव्यात, करा शेड्यूल. सगळ्यांनी छान बार काढले. मग सर एकेकाला विचारत गेले, जूनच्या आधी पत्रे चढतायत का? नाही तर आतली फ्लोअरिंग पावसात कशी करणार? गणेश चवथीच्या आठवड्यात कोण येणार कामाला, तुम्ही स्वतः तरी येणार का? बाहेरचे कामगार गावी गेले की लगेच परत येतात का? आणि दिवाळीला? अर्ध्या तासात सगळ्यांचा क्रिटिकल पाथ, म्हणजे शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी, बदलला. एका मुलीने पत्र्यांची ऑर्डर फाउंडेशनच्या आधीच टाकली होती, सरांनी कौतुकाने तिचा कागद वर धरून दाखवला. आमच्या बॅचमध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवलं गेलं असेल तर ते त्या दुपारी. मी ऑफिसात सांगितलंय की असं सेशन आपण बाहेरून बोलावून करू.

बाकी सोयी ठीक. एसी चांगला, पार्किंगची बोंब, कदंबा स्टँडवरून चालत या. परीक्षेची फी वेगळी, हे आधी नीट सांगत नाहीत. घरून ऑनलाइन परीक्षा देणार असाल तर खोलीचे फोटो काढून पाठवायला लागतात, टेबल पूर्ण रिकामं, मध्ये कुणी आत आलेलं चालत नाही, आणि आपल्याकडे पावसात लाईट कशी जाते ते माहीतच आहे, त्यामुळे जून ते सप्टेंबर घरून देऊ नका, सेंटरची तारीख घ्या.

पाचपैकी साडेतीन स्टार. पाच-सात वर्षं साईटवर किंवा प्लांटमध्ये कामं ओढली असतील आणि परदेशी क्लायंटसमोर बसायचं असेल तर जरूर करा, आपण करतो त्याला नावं आणि क्रम मिळतो, आणि क्लायंट तीच भाषा बोलतो. नुकतंच कॉलेज संपवलेल्यांनी हे पैसे आता घालू नयेत, आधी एखाद्या साईटवर दोन पावसाळे काढा. आणि जॉईन करताना दोन गोष्टी काउन्सेलरकडून लेखी घ्या: निवृत्त सरांचं सेशन तुमच्या बॅचला आहे का, आणि अर्ज तुमचा तुम्हीच भरणार.